परड्यातल्या खोलीचं खेळघर: आधी छप्पर, मग फटी, शेवटी हीटर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत घरटी गुरं कमी झाली आणि परड्यातले गोठे रिकामे पडले. कुठे त्यात खताची पोती आहेत, कुठे जुनी सायकल. पण बऱ्याच घरांत पोरांनी तिथे कॅरम मांडलाय, रविवारी मोठ्यांचा पत्त्यांचा डाव बसतो. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि डिसेंबरात रात्री आठनंतर बोटं आखडून स्ट्रायकर मारता येत नाही. मग कोणीतरी म्हणतो, हीटर घेऊन टाकूया की. हा खर्च यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा. का, ते आकड्यांतून बघू.

हिशेब आधी

बारा बाय सोळा फुटांची खोली धरा. भिंती नऊ इंची विटेच्या, गिलावा केलेल्या, वर साधा लोखंडी पत्रा, एक दार, दोन खिडक्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. भर थंडीत रात्री उशिरा बाहेर १३ अंश आहेत आणि आत आपल्याला २० हवेत, म्हणजे फरक ७ अंशांचा.

एवढ्या फरकाला नुसत्या पत्र्यातून ९०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. भिंतींतून साधारण ५७०, दार-खिडक्यांच्या फळ्या-काचांतून पावणेदोनशे, आणि पत्रा व भिंतीमधल्या मोकळ्या जागेतून, दाराखालून, चौकटीच्या फटींतून हवा खेळते त्यात साडेतीनशे. बेरीज २००० वॅट. मोठा हीटर पूर्ण क्षमतेने चालवला तर कशीबशी ऊब टिकेल आणि बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा गार.

आता पत्र्याखाली ५० मिलिमीटर थर्मोकोल नीट बसवा आणि फटी बुजवा. छपराचे ९०० वॅट ८५ वर येतात, फटींचे साडेतीनशे सव्वाशेच्या आत. भिंतींना हातही न लावता एकूण गळती ९५० वॅटवर आली. बसून खेळणारा माणूस स्वतः १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. चौघे कॅरमवर आणि दोघे बघे असले की सहाशे वॅट फुकट. उरलेल्या साडेतीनशेसाठी लहान हीटर अधूनमधून लावला तरी पुरतो.

हे सगळे अंदाजाचे आकडे आहेत. तुमच्या खोलीची उंची, पत्र्याचा उतार, वारा यांनी ते थोडे हलतील. कामाचा क्रम मात्र बदलत नाही.

कामाला हात कधी घालायचा

दिवाळी झाल्यावर. पावसाळ्यात ओली झालेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात सुकायला वेळ घेते, आणि जांभा असेल तर जास्तच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर नोव्हेंबर उजाडू द्या. ओल आत ठेवून वर आवरण घातलं तर पुढच्या श्रावणात आतून बुरशीचा वास सुटतो आणि कुठून येतोय ते सापडत नाही.

तपासणी सोपी आहे. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला घाम धरला तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरला तर ती खोलीतल्या हवेतली. असाच एक तुकडा जमिनीवरही लावून बघा. जुन्या गोठ्याच्या जमिनीत मूत मुरलेलं असतं, त्यातले क्षार ओल धरून ठेवतात. तिथे वरची माती फूटभर उकरून काढणं, मुरूम-खडी ठोकून त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरणं आणि मग कोबा करणं, याला दुसरा इलाज नाही.

चिकोडी, अथणी, कागवाडच्या काळ्या मातीत भानगड वेगळी. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलक्या पायाच्या गोठ्याच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून एक पावसाळा अंतर मोजा. चीर वाढत असेल तर आधी पाया, पागोळ्यांचं पाणी आणि भोवतालची गटार. आत सजावट करायची ती नंतर.

छप्पर: पैसे इथेच घालायचे

लोखंडी पत्रा असेल तर पहिलं काम आतून. भर दुपारी दार-खिडक्या बंद करून आत उभे राहा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे पावसाळ्यात थेंब असतो. बहुतेक ठिपके स्क्रूजवळ सापडतील, कारण त्याखालचा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतो. वायसर बदला, गंजलेले स्क्रू बदला. पत्र्यावर चढायचं तर पाय पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, रेषेवरच, मध्ये कुठेही नाही.

पत्रा ठिकठिकाणी गंजलेला असेल आणि तसाही बदलायचाच असेल, तर सरळ पफ पॅनेल घाला. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं हे पॅनेल थर्मोकोलपेक्षा जाडीमागे जास्त उष्णता अडवतं, खालून रंगीत पत्रा तयारच मिळतो, आणि एवढ्या छपराचं काम फार दिवस चालत नाही. पत्रा धड असेल तर मात्र तो काढू नका. त्याच्या खाली काम करा.

त्यासाठी पर्लिनच्या खालून दोन-दोन फुटांवर जीआय चॅनेल (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या) मारून घ्या. लाकडी रिपा स्वस्त पडतात, पण आपल्याकडे वाळवी कुठून येईल सांगता येत नाही. रिपाच वापरायच्या तर वाळवीचं औषध पाजून, वाळवून. थर्मोकोल घेताना ‘पॅकिंगचा नको, वीस डेन्सिटीचा द्या’ असं सांगा. घनमीटरला २० किलोचा माल. टीव्हीच्या खोक्यात येतो तो हलका असतो, हाताने चुरतो. आणि आग चटकन न धरणारा, एफआर प्रतीचा मागा. एक ५० मिलिमीटरचा थर बसवण्यापेक्षा २५ चे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे, जास्त चांगले. फट सरळ आरपार राहत नाही. शेवटच्या थराचे सगळे सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा.

ही पट्टी दिसायला किरकोळ, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. खाली सहा माणसं श्वास सोडत असतात, चहाची किटली वाफाळत असते. ती वाफ फटीतून वर गेली की पत्र्याला लागून पाणी होते. पुष्कळांना ‘छप्पर जानेवारीतसुद्धा गळतंय’ असं वाटतं ते याच कारणाने. म्हणून वाफ खालीच अडवायची आणि थर्मोकोल व पत्रा यांच्यामध्ये एक-दोन इंच हवा ठेवायची. ती हवा वळचणीकडून आत आणि आढ्याकडून बाहेर गेली पाहिजे. दोन्ही तोंडांना बारीक लोखंडी जाळी मारा. ती मारायची राहिली तर पहिल्या वर्षी उंदीर, दुसऱ्या वर्षी खारी, आणि थर्मोकोलमध्ये घर करायला लाल मुंग्या.

खाली आवरण हवंच. उघडा थर्मोकोल विजेच्या ठिणगीने वितळतो, काळा विषारी धूर सोडतो, आणि पोरांच्या खोलीत तो उघडा ठेवायचा प्रश्नच येत नाही. जिप्सम बोर्ड किंवा फायबर सिमेंट बोर्ड यांतलं काहीही चालेल. पावसाच्या पट्ट्यात मी सिमेंट बोर्डाच्या बाजूने आहे, कारण जिप्सम एकदा भिजलं की फुगतं. पीव्हीसीच्या चकचकीत पट्ट्या सध्या सगळीकडे लागतात; त्या दिसतात छान, पण आगीपुढे टिकणारं आवरण म्हणून त्यांचा उपयोग नाही.

दुकानदार रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची लोकर, सुचवेल. आगीच्या दृष्टीने ती थर्मोकोलपेक्षा नक्कीच सरस. पण ती पाणी धरते, आणि ओली लोकर उष्णता अडवत नाही. निपाणी-चिकोडीकडे खुशाल घाला. जांबोटीकडे पत्र्याच्या पोटाला नको. हाताळताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

चांदीसारखी चकाकणारी बबल शीट स्वस्त म्हणून खपते. तिचा खरा उपयोग उन्हाळ्यात आहे. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो ती शीट परतवते, अट एवढीच की चकाकत्या बाजूसमोर इंचभर मोकळी हवा असावी. हिवाळ्यात ऊब गरम हवेबरोबर वर चढते, ती शीटला फारशी जुमानत नाही. वर्षभराचं काम तिच्या एकटीवर सोपवू नका.

पिंजराचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं काय, असं जुनी माणसं विचारतील. माळ्यावर पिंजर रचलेला गोठा थंडीत उबदार असायचा, हे खरंच आहे. पण तिथे खाली विजेची वायर नव्हती. पिंजर नकोच. भाताचं तूस मात्र विचार करण्यासारखं आहे. ते उष्णता चांगली अडवतं, सहज भडकत नाही, आणि बेळगाव-खानापुरात गिरणीवर मिळतं. कडकडीत वाळवून, दाट पोत्यांत बंद करून, पक्क्या माळ्यावर चार इंचांचा थर दिला तर या मापाच्या खोलीला दोनशे किलोच्या आत काम होतं. माळा तेवढं वजन पेलेल का, हे सुताराला विचारून. गळकं छप्पर असेल तर तूस विसरा.

कौलारू छपराचा न्याय निराळा. कौलांच्या फटी सिमेंटने किंवा फोमने बुजवायला जाऊ नका. त्या फटींतूनच वासे आणि रिपा सुकतात. त्या बंद केल्या की लाकूड आतून कुजतं. कौलं तशीच ठेवा, फुटकी बदला, माकडांचा त्रास असेल तर दर मे अखेरीस एक फेरी ठरलेलीच. मग वाशांच्या खालून, किंवा तुळईच्या पातळीवर आडवा, सीलिंगचा थर घ्या. तुळईवरचा आडवा थर मला जास्त पटतो: गरम करायची हवा कमी होते आणि वरच्या माळ्यात कौलं मोकळी श्वास घेतात.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर सावध. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक खनिज धागे, असतं. ते कोरडे कापू नका, घासू नका, फोडू नका. खालून स्वतंत्र चौकट उभी करून तिच्यावर थर द्या, पत्र्याला भोक न पाडता.

स्लॅब असेल तर गच्चीच्या बाजूने, वॉटरप्रूफिंगबरोबरच थर घालणं बरं. ते काम वेगळं आणि जास्त खर्चाचं.

फटी

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि हिवाळ्यातलं बोचरं वारं पूर्वेकडून, ईशान्येकडून येतं. त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला पाणी अडवायचं आणि पूर्वेच्या बाजूला हवा. संध्याकाळी पेटती उदबत्ती घेऊन पूर्वेच्या खिडकीच्या कडेने, दाराच्या चौकटीने, भिंत आणि पत्रा भेटतात त्या रेषेने सावकाश फिरवा. धूर जिथे हलतो तिथे खडूने खूण करा. हे काम मात्र थर्मोकोल बसवण्याच्या आधी.

भिंत आणि पत्र्यामधली मोठी जागा विटेचे तुकडे आणि मालाने भरून घ्यायची. पत्र्याच्या नागमोडीत जे उरतं ते पीयू फोमने. तो फुगतो, म्हणून अर्ध्यावरच थांबा, वाळल्यावर सुरीने छाटा आणि वरून गिलावा द्या. उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. मात्र वळचणीची जी वाट थर्मोकोलच्या वरच्या हवेसाठी ठेवली आहे ती चुकून बुजवू नका. मेस्त्री हौसेने सगळंच बंद करून टाकतात. खिडकीच्या कडांना रबरी पट्टी, दाराखाली ब्रशची किंवा रबराची पट्टी, आतून जाड पडदा. पडदा छतापासून जमिनीपर्यंत असला तर काचेतून उतरणारी गार हवा पायांशी येत नाही.

एक झरोका मात्र उघडा ठेवायचा, वीतभर का होईना. सहा जण तीन तास बंद खोलीत बसले की डोकं जड होतं, आणि भांडणंसुद्धा जास्त होतात.

भिंती आणि जमीन

भिंतींना आतून थर्मोकोल चिकटवायचा सल्ला मिळेल. बहुतेक खोल्यांना गरज नाही, आणि दमट भिंतीवर तर तो घातक: मागे बुरशी वाढते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चांगला गिलावा आणि पाणी रोखणारा रंग, वर फूटभर जास्त पुढे काढलेली पाखाडी, एवढ्याने निम्मं काम होतं. आतून चुन्याचा हात पुरे. बसणाऱ्याच्या पाठीला गार लागतं त्या जागी भिंतीला घोंगडं टांगा. दिसतंही चांगलं आणि कॅरमचा आवाजही घुमत नाही.

जमिनीवर शहाबादी किंवा कडप्पा असेल तर एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया टाका, वर सतरंजी. थंडीची तक्रार करणाऱ्यांत निम्मे लोक खरं तर पायांची तक्रार करत असतात.

वीज आणि हीटर

शेगडी, कोळसा, घमेल्यातले निखारे बंद खोलीत कधीही नाही. दार थोडं उघडं असलं तरी नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोप आली म्हणून आडवा होतो आणि उठत नाही. फटी बुजवलेल्या खोलीत हा धोका आधीपेक्षा वाढलेला असतो.

वीज घरातल्या मेन बोर्डवरून स्वतंत्र एमसीबीने न्या. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर चारची, जमिनीखालून पाइपात. खेळघरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. एक्स्टेंशन बोर्ड सतरंजीखाली सरकवलेला दिसला तर तिथल्या तिथे काढा. आणि विहिरीच्या पंपाची लाइन जवळ आहे म्हणून तिच्यावरून घेऊ नका. ती जोडणी शेतीची आहे. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, नियमात ते बसत नाही आणि दाबाचा चढउतार हीटरला सोसत नाही.

बिलाचं गणित गृहज्योतीमुळे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत विजेच्या योजनेमुळे, आपल्याकडे जरा वेगळं. दोन हजार वॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर महिन्याला १८० युनिट. घराचा वापर त्यात मिळवला की २०० ची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि मग सगळ्याच युनिटांचं बिल येतं. छप्पर केलेल्या खोलीत हजार वॅटचा हीटर सरासरी निम्मा वेळ चालला तर तेवढ्याच तासांत ४५ युनिट.

कोणता घ्यायचा? कॅरमच्या खोलीत ब्लोअर नको. आवाज करतो आणि बोर्डावरची पावडर उडवतो. लालभडक कांडीचा रॉड हीटर समोरच्याला भाजतो, पाठ गारच ठेवतो. शिवाय पडदा, सतरंजी, लहान पोरं यांच्यापासून जपावं लागतं. ऑइल हीटर तापायला अर्धा तास घेतो, पण मुका असतो, थर्मोस्टॅट असतो, आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब देतो. डाव साडेआठला बसायचा असेल तर आठला लावा. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर घ्या. एका युनिट विजेत तो साधारण तिप्पट उष्णता आत आणतो. टेबल टेनिससाठी मात्र हीटर लागतच नाही, आणि बारा बाय सोळाच्या खोलीत ते टेबल मांडूही नका. टेबलच नऊ फुटांचं. मागे साडेतीन फुटांत कोण खेळणार?

हीटरचा खरा हंगाम

जुलैत हवा २२ अंशांची आणि आर्द्रता नव्वद टक्के. कॅरमचा प्लाय फुगतो, पावडर चिकटते, पत्ते मऊ पडतात. तीच हवा पाच अंशांनी तापवली की आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. पूर्वी बोर्डावर शंभरचा पिवळा दिवा टांगलेला असायचा, तो उजेडाबरोबर हेही काम करत होता; एलईडी आले आणि ते थांबलं. छपराला थर दिलेल्या खोलीत ऑइल हीटर मंद आचेवर तासभर लावला की ओला महिनाही खेळता येतो. माणसं निघून गेल्यावर झरोका उघडा ठेवा, बोर्ड कापडात गुंडाळून आडवा, भिंतीपासून सुटा ठेवा. उभा टेकवला तर मध्ये वाकतो.